बारा महिन्यांचे विद्यापीठ

आपल्या वार्षिक अंकात थोरामोठ्यांची चरित्रे छापून येतात ती बहुधा देशभक्तांची, संतांची नाहीतर साहित्यिकांची. या खेपेस मी ज्या माणसाची हकीकत सांगायला बसलो आहे, त्याची सर्वांत गाजलेली कृती म्हणजे एक वेळापत्रक आहे. विल्यम रेनी हार्पर हे अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष. आपल्या भाषेत कुलगुरू म्हणा. विद्यापीठाचे वर्ष केव्हा सुरू व्हावे, त्याचे किती तुकडे करावेत, सुट्टी कोणी आणि कधी घ्यावी, मुलाने कॉलेजात पाऊल टाकायचे ते कोणत्या तारखेला आणि पदवी घेऊन बाहेर पडायचे ते कोणत्या, या रूक्ष वाटणाऱ्या प्रश्नांचा त्यांनी मुळापासून विचार केला. एवढेच नव्हे, तर विचार केला तसे करून दाखवले.

मी संस्कृतचा मास्तर. हार्परांपर्यंत मी पोचलो तो व्हिटनेचे बोट धरून. विल्यम ड्वाइट व्हिटने यांचे १८७९ सालचे संस्कृत व्याकरण ज्यांनी चाळले आहे त्यांना या नावाचा दरारा ठाऊक असेल. अमेरिकेतल्या येल येथे बसून या माणसाने वेदांतल्या धातुरूपांची मोजदाद केली. त्यांच्या शिष्यांची माहिती काढता काढता मला एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा विषय सापडला: लॅटिन, ग्रीक, संस्कृत आणि गॉथिक या चार भाषांतील शब्दयोगी अव्ययांचा तुलनात्मक अभ्यास. प्रबंध लिहिणारा अठरा वर्षांचा होता. आमच्याकडे त्या वयाची मुले पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी रांगेत उभी असतात. हा मुलगा कोण म्हणून चौकशी करू लागलो, आणि गेली कित्येक वर्षे कॉलेजच्या वेळापत्रक समितीचे जे जू माझ्या मानेवर आहे त्यामुळे पुढची गोष्ट अधिकच गोडीने वाचली.

हार्पर यांचा जन्म २४ जुलै १८५६ रोजी ओहायो राज्यातील न्यू कॉन्कॉर्ड या लहानशा गावी झाला. घर लाकडी ओंडक्यांचे, वडील किराणा-कापडाचे दुकानदार, घराणे स्कॉच-आयरिश वळणाचे, धर्मनिष्ठ. गावात मस्किंगम नावाचे छोटे कॉलेज होते. विल्यम आठव्या वर्षी त्याच्या पूर्वतयारीच्या वर्गात बसला, दहाव्या वर्षी कॉलेजात गेला आणि १८७० साली, चौदाव्या वर्षी, पदवीधर झाला. पदवीदानाच्या वेळी त्याने हिब्रू भाषेत भाषण केले. ते ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांना समजले असेल याची मला शंका आहे. पण दुकानदाराच्या पोराने गाव दिपवून टाकले यात संशय नाही.

पुढे काय? चौदा वर्षांच्या पदवीधराला कुठे धाडणार? आईवडिलांना तो परगावी राहण्याच्या वयाचा वाटेना. मग स्वारी सुमारे तीन वर्षे बापाच्या दुकानात बसली. गिऱ्हाईक सांभाळावे, भाषांचा अभ्यास करावा, गावच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवावे, जमेल तेव्हा कॉलेजात हिब्रू शिकवावे. या तीन वर्षांचा चरित्रकार फारसा विचार करीत नाहीत; मला मात्र त्यांचे महत्त्व वाटते. शिकण्याची एखाद्याची चाल आणि शिक्षणसंस्थेची चाल या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दोहोंचा मेळ बसला नाही तर माणूस दुकानात बसून राहतो, हे त्यांनी पुस्तकातून शिकण्याआधी गल्ल्यावर बसून अनुभवले होते. १८७३ मध्ये ते येलला गेले आणि दोन वर्षांत, १८७५ मध्ये, पीएच. डी. घेऊन बाहेर पडले. त्याच साली मस्किंगमच्या अध्यक्षांच्या कन्येशी, एला पॉल यांच्याशी, त्यांचा विवाह झाला. वय एकोणीस.

मधली वर्षे भराभर सांगतो. टेनेसीत एका लहान कॉलेजची मुख्याध्यापकी, मग ओहायोतील डेनिसन येथे लॅटिन-ग्रीकचे अध्यापन, तेथे बॅप्टिस्ट पंथात प्रवेश आणि १८७९ पासून शिकागोजवळच्या मॉर्गन पार्क येथील बॅप्टिस्ट धर्मशाळेत हिब्रूची अध्यापकी. तिथे त्यांच्या हाती आलेला विषय विद्यार्थ्यांना नकोसा वाटणारा होता. भावी धर्मोपदेशकांना हिब्रू सक्तीचे. शिकवणार कोण आणि शिकणार किती आवडीने, ते संस्कृतच्या मास्तराला निराळे सांगायला नको. हार्परांनी व्याकरणाची कोष्टके बाजूला ठेवली. उत्पत्तीच्या पुस्तकातले पहिले वाक्य घ्यायचे, त्यातला पहिला शब्द घ्यायचा, त्याची अक्षरे, स्वर, प्रत्यय उलगडायचे आणि मग पुढच्या शब्दाकडे जायचे. नियम मागाहून, आपोआप जमा होत जातात. वर्गात असा रंग भरे की हिब्रूची भीती पळाली.

पण या पद्धतीला एक गोष्ट हवी होती: सलग वेळ. आठवड्याला दोन तास आणि अधूनमधून सुट्ट्या, अशाने ओघ तुटतो. म्हणून त्यांनी १८८१ च्या उन्हाळ्यात, सर्व कॉलेजे बंद असताना, मॉर्गन पार्कला हिब्रूचा वर्ग भरवला. काही आठवडे दुसरे काही नाही, सकाळ-संध्याकाळ हिब्रू. वर्षभरात होईना ते महिनाभरात होऊ लागले. मग इतर गावांतून मागणी आली, उन्हाळी वर्गांची माळच लागली. ज्यांना येता येत नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी टपालाने धडे पाठवायला सुरुवात केली. १८८३ पासून न्यूयॉर्क राज्यातील शटाक्वा सरोवराकाठच्या प्रसिद्ध उन्हाळी शाळेत ते शिकवू लागले आणि पुढे तेथील कला महाविद्यालयाचे प्रमुख झाले. १८८६ मध्ये येलने त्यांना सेमिटिक भाषांचे प्राध्यापक म्हणून बोलावून घेतले. तरीही उन्हाळा आला की ते सरोवराकाठी हजर. तिथे येणारी मंडळी कोण? शाळामास्तर, मास्तरणी, खेड्यातले उपदेशक, नोकरी करणारे लोक. वर्षातले दहा महिने ज्यांना कॉलेजचे दार बंद, त्यांना हे दोन महिने उघडे सापडत होते. पुढे सबंध विद्यापीठाच्या आखणीत जे उतरले त्याचे बी या उन्हाळी वर्गांत होते.

आता शिकागोकडे वळू. त्या शहरात १८५७ सालीच एक विद्यापीठ निघाले होते. आमचे मुंबई विद्यापीठही त्याच सालचे. मुंबईचे टिकले, शिकागोचे कर्जात बुडून १८८६ मध्ये बंद पडले. बॅप्टिस्ट मंडळींच्या मनाला ही गोष्ट लागून राहिली. तेलसम्राट जॉन रॉकफेलर त्याच पंथाचे. १८८९ च्या मे महिन्यात त्यांनी सहा लाख डॉलर देऊ केले, पण अट घातली: आणखी चार लाख तुम्ही जमवा, आणि १ जून १८९० पर्यंत जमवा. नाहीतर देणगी रद्द. थॉमस गुडस्पीड आणि फ्रेडरिक गेट्स हे दोघे वर्षभर दारोदार हिंडले. लहान लहान चर्चमधून थोडी थोडी रक्कम आली, शहरातल्या ज्यू मंडळींच्या क्लबनेही हातभार लावला, मार्शल फील्ड या बड्या व्यापाऱ्याने दहा एकर जमीन दिली. मुदतीच्या आत आकडा पुरा झाला. विद्यापीठाचा जन्मच असा अखेरच्या तारखेच्या पोटी झाला, ही मला मोठी सूचक गोष्ट वाटते.

सप्टेंबर १८९० मध्ये विश्वस्तांनी हार्पर यांची अध्यक्षपदी निवड केली. वय चौतीस. त्यांनी लगेच होकार दिला नाही. सहा महिने विचारात घालवले. परंतु निवडीनंतर शिकागोहून घरी परतताना आगगाडीतच नव्या विद्यापीठाचा सारा आराखडा त्यांच्या मनात तयार झाला होता. माणसे नाहीत, इमारत नाही, विद्यार्थी नाही. आहे ती दलदलीची जमीन आणि डोक्यात एक कोष्टक. फेब्रुवारी १८९१ मध्ये त्यांनी पद स्वीकारले आणि जुलैपासून कामाला लागले. तोवर योजनेचे पहिले पत्रक छापूनही झाले होते.

हे कोष्टक समजून घेण्यासारखे आहे. वर्षाचे आठवडे बावन्न. त्यांचे चार समान भाग केले तर एकेक तेरा आठवड्यांचा होतो. त्यातले बारा आठवडे शिकवायचे आणि एक आठवडा विसावा. झाल्या चार तिमाह्या: उन्हाळी, शरद, हिवाळी आणि वसंत. (इंग्रजीत तिला क्वार्टर म्हणतात, आमच्या स्टाफरूममध्ये क्वार्टर म्हटले की निराळ्या कल्पना मनात येतात, म्हणून मी आपला तिमाहीच म्हणतो.) प्रत्येक तिमाहीचे पुन्हा सहा-सहा आठवड्यांचे दोन तुकडे. एका तुकड्यात विद्यार्थ्याने दोनच विषय घ्यायचे, एक मोठा आणि एक छोटा. मोठ्याला तास भरपूर, छोट्याला साधारण निम्मे. पाच-सहा विषयांची भेळ एकदम ताटात वाढायची नाही. हिब्रूच्या उन्हाळी वर्गाचा अनुभव इथे थेट उतरला होता. या मोठ्या-छोट्या विषयांना पत्रकात मेजर आणि मायनर अशी नावे होती. आज आपल्या पदवी अभ्यासक्रमातही हे शब्द आले आहेत, पण विद्यार्थ्यांनी गोंधळून जाऊ नये: आपल्याकडे त्यांचा अर्थ मुख्य विषय आणि जोडविषय असा आहे, हार्परांच्या पत्रकात तो तासांच्या हिशेबाचा होता. सहा आठवड्यांच्या तुकड्यांचा जोर पुढे ओसरला आणि बारा आठवड्यांत तीन विषय ही रीत रुळली. चार तिमाह्यांचा सांगाडा मात्र कायम राहिला.

खरी गंमत पुढे आहे. चारही तिमाह्या सारख्या तोलाच्या. उन्हाळी तिमाही म्हणजे नापासांचे जादा वर्ग नव्हेत. तेच प्राध्यापक, तेच विषय, तेच गुण. विद्यार्थ्याने कोणत्याही तिमाहीच्या आरंभी प्रवेश घ्यावा, कोणतीही तिमाही सोडून कमाई करावी आणि पुन्हा यावे. घाई असेल त्याने एकही सुट्टी न घेता चार वर्षांचे काम तीन वर्षांत उरकावे. अभ्यास पुरा झाला की येणाऱ्या समारंभात पदवी घ्यावी, कारण पदवीदान समारंभही वर्षातून चार. प्राध्यापकाने तीन तिमाह्या शिकवायचे आणि चौथी सुट्टी, ती कोणतीही. त्याने चौथीही शिकवली तर ती त्याच्या खात्यावर जमा. सलग तीन वर्षे बाराही तिमाह्या शिकवणाऱ्याच्या खात्यावर तीन तिमाह्या शिल्लक पडतात. चौथ्या वर्षाची हक्काची एक मिळवली की सबंध वर्ष पगारी रजा! परदेशी जा, ग्रंथ लिहा. हा हिशेब मी आमच्या स्टाफरूममध्ये सांगितला तेव्हा क्षणभर सगळे गप्प झाले.

यामागे हार्पर यांचा विचार साधा होता. एवढ्या मोलाच्या इमारती, ग्रंथालय, प्रयोगशाळा वर्षातला चौथा हिस्सा कुलूप लावून ठेवायच्या, ही उधळपट्टी आहे. आणि दुसरे असे की, आजारपण, गरिबी, घरची अडचण या गोष्टी जून-सप्टेंबर पाहून येत नाहीत. ज्या व्यवस्थेत वर्षातून एकच दार उघडते तिथे आठ दिवस उशीर झालेला मुलगा बारा महिने बाहेर राहतो. तिमाहीच्या व्यवस्थेत तो फार तर तीन महिने बाहेर राहील.

आपल्याकडे वर्ष फुकट जाणे हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की त्यातले दुःख जाणवेनासे झाले आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलीची हकीकत सांगतो. कॉलेजचे, विद्यापीठाचे नाव घेत नाही. आईच्या आजारपणामुळे तिचा एक पेपर राहिला. पुरवणी परीक्षेत तो तिने चांगल्या गुणांनी सोडवला. पण निकाल लागला तो पुढच्या प्रवेशाची अखेरची तारीख उलटून अकरा दिवसांनी. विलंबशुल्काची मुदत संपलेली, अतिविलंबशुल्काचीही संपलेली. निकाल उशिरा लावणारे कार्यालय आणि प्रवेश बंद करणारे कार्यालय एकाच आवारात होते. तिने एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर खेटे घातले. दोन्हीकडच्या माणसांनी आपापले परिपत्रक दाखवले, आणि दोघेही नियमाने बरोबर होते. ते वर्ष ती घरी बसली. पुढच्या वर्षी तिचे लग्न ठरले. तारखांचे कोष्टक म्हणजे कारकुनी बाब असे जे समजतात त्यांना मी ही गोष्ट सांगतो. २०२४ च्या जूनमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी अशा दोन वेळी प्रवेश देण्याची मुभा विद्यापीठांना जाहीर केली, तेव्हा मला तिचीच आठवण झाली. हार्परांनी चार दारे उघडली त्याला तोवर सव्वाशेहून अधिक वर्षे झाली होती.

असो. कागदावरचे कोष्टक जमिनीवर उतरवायचे तर पहिली तारीख पाळली पाहिजे. हार्परांनी ती ठरवली १ ऑक्टोबर १८९२. मुख्य इमारतीचा पाया खणायला लागले ते आदल्या नोव्हेंबरच्या अखेरीस. हातातला पैसा अपुरा. १८९२ च्या वसंतात फील्ड यांनी एक लाख डॉलर देऊ केले, पुन्हा अटीवरच: मुदतीत दहा लाखांचा निधी जमला पाहिजे. नव्वद दिवसांत दहा लाख जमले! एकीकडे हे, दुसरीकडे माणसांची जमवाजमव. वूस्टर गावच्या क्लार्क विद्यापीठात अंतर्गत कुरबुरी चालू होत्या. हार्पर तिथे गेले आणि तिथल्या प्राध्यापकांचा मोठा गट घेऊन आले. त्यांत प्रकाशाचा वेग मोजणारे मायकेल्सन होते, ज्यांना पुढे १९०७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. क्लार्कच्या अध्यक्षांना या गोष्टीचा किती राग आला असेल त्याची कल्पना करावी. इतर कॉलेजांचे आठ-नऊ माजी अध्यक्ष आपले पद सोडून इथे साधे प्राध्यापक म्हणून आले. येलमधला त्यांचा जुना विद्यार्थी स्टॅग फुटबॉल शिकवायला आला, आणि त्यालाही प्राध्यापकवर्गात जागा मिळाली. व्यायामशिक्षकाला अध्यापकाचा दर्जा ही त्या काळी नवलाची बाब होती.

१ ऑक्टोबरच्या शनिवारी सकाळी साडेआठ वाजता तास सुरू झाले. कॉब हॉलमध्ये सुतार अजून ठोकाठोक करीत होते, आणि मुले फळ्यांवरून आत शिरत होती. विद्यार्थी सहाशेच्या घरात, शिकवणारे सुमारे एकशेवीस. उद्घाटनाचा समारंभ नाही, पाहुणे नाहीत, हारतुरे नाहीत. विद्यापीठ जणू पूर्वीपासून चालूच आहे अशा थाटात पहिला दिवस जावा, ही हार्पर यांची इच्छा. दुपारी साडेबाराला सगळे प्रार्थनेसाठी एकत्र जमले, एवढाच काय तो सोहळा. आपल्याकडे नव्या वर्गखोलीची फीत कापायला मंत्र्यांची तारीख मिळेपर्यंत खोली बंद राहते, त्या पार्श्वभूमीवर हे मुद्दाम सांगितले.

१८९३ साल शिकागोचे जागतिक प्रदर्शनाचे साल. प्रदर्शनाचा एक भाग विद्यापीठाच्या अगदी कुशीला लागून होता. वर्गाच्या खिडकीतून फेरिसचे प्रचंड चक्र दिसे. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने शहरात भरलेल्या सर्वधर्म परिषदेत ११ सप्टेंबरला विवेकानंद बोलले, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. या गजबजाटात उन्हाळी तिमाही भरवता आली नाही. ती पहिल्यांदा भरली १८९४ मध्ये आणि देशभरचे शाळाशिक्षक तिच्याकडे लोटले. त्यांत स्त्रिया पुष्कळ. वर्षभर शाळेत शिकवायचे आणि उन्हाळ्यात शिकागोला येऊन एकेक तिमाही साठवीत पदवीपर्यंत पोचायचे. हार्परांच्या साऱ्या योजनेत मला सर्वांत भावलेली हीच गोष्ट. पगारावर पाणी न सोडता मास्तर पदवीधर होऊ शकतो, हे एका कोष्टकाने घडवले.

याचा अर्थ सगळे गोडच होते असा नाही. टीकाकारांनी या विद्यापीठाला हार्परचा बाजार असे टोपणनाव दिले होते. त्या नावाचे एक फॅशनचे नियतकालिक निघत असे, त्यावरची ही कोटी. मुले वर्षभर येत-जात राहिली की एका वर्गाची, एका बॅचची म्हणून जी मैत्री असते ती विरते, ही तक्रारही खोटी नव्हती. वर्षातून चार परीक्षा, चार नोंदण्या, चार समारंभ. कार्यालयाला श्वास घ्यायला फुरसत नाही. शिवाय चौथी तिमाही चालवायला पैसा लागतो. हार्पर दरवर्षी जमेपेक्षा अधिक खर्च करीत आणि तूट रॉकफेलर भरून देत. त्यांच्या मनाची खात्री अशी की काम आधी उभे करावे, पैसा मागून येतो. बरीच वर्षे तो आला. पण न्यूयॉर्कच्या कचेरीतली कुरकुर वाढत गेली आणि १९०३-०४ च्या सुमारास तूट बंद झाल्याशिवाय नवे काही काढायचे नाही अशी ताकीद मिळाली. वर्षाच्या बावन्न आठवड्यांचा असा चोख हिशेब मांडणाऱ्याला डॉलरचा हिशेब मात्र कधी जुळवता आला नाही.

आणखी एक गोष्ट खटकते. आरंभापासून मुलामुलींना सारखे प्रवेश देणाऱ्या या विद्यापीठात १९०२ मध्ये पहिल्या दोन वर्षांच्या मुलींचे वर्ग वेगळे करण्याचा ठराव झाला, आणि त्याच्या पाठीशी हार्पर होते. मुलींची संख्या वाढत चालली होती याची धास्ती अनेकांना वाटत होती. त्यापूर्वी शहराच्या शाळांसाठी नेमलेल्या आयोगाचे ते अध्यक्ष होते. त्या आयोगाच्या १८९९ च्या अहवालात पुरुष शिक्षकांना अधिक वेतन सुचवले होते, म्हणून शिक्षिका खवळल्या आणि अहवालावर आधारलेले विधेयक पडले. उन्हाळी तिमाहीत जिच्यासाठी दार उघडले त्याच मास्तरणीला इथे दुय्यम लेखावे, याची संगती मला लावता आलेली नाही. चरित्रनायकाचे सगळेच समर्थनीय असते असा आव मी आणीत नाही.

त्यांच्या कामाचा झपाटा मात्र अचाट. अध्यक्षपद, सेमिटिक विभागाचे प्रमुखपद, दोन नियतकालिकांचे संपादन, टपाली शिक्षण, बहिःशाल व्याख्याने, विद्यापीठाचे मुद्रणालय, आणि इतके असून वर्गावर जाणे त्यांनी सोडले नाही. पदवीच्या चार वर्षांचे दोन भाग करून पहिली दोन वर्षे स्वतंत्र कॉलेजात व्हावीत, ही कल्पनाही त्यांचीच. १९०१ मध्ये शिकागोजवळच्या जोलिएट गावी त्या धर्तीचे कनिष्ठ महाविद्यालय सुरू झाले. आपण अकरावी-बारावीला कनिष्ठ महाविद्यालय म्हणतो ते वेगळे. नावाचे साम्य तेवढे.

मार्च १९०४ मध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हाच डॉक्टरांना शंका आली होती. फेब्रुवारी १९०५ मधील दुसऱ्या शस्त्रक्रियेने ती खरी ठरवली: कर्करोग, आणि बरा न होणारा. वय अठ्ठेचाळीस. आता मुदत दुसऱ्या कोणी ठरवली होती आणि तारीख सांगितली नव्हती. हार्परांनी काय केले? शिल्लक कामांची यादी केली. आमोस आणि होशेय या संदेष्ट्यांवरील त्यांचे मोठे भाष्य कित्येक वर्षे रेंगाळले होते. ते १९०५ मध्ये छापून बाहेर पडले. उच्च शिक्षणावरील लेखांचा संग्रह त्याच वर्षी निघाला. झेपेल तोवर कचेरीचे काम चालू ठेवले. शेवटच्या आठवड्यांत जवळचे सहकारी अंथरुणापाशी येऊन बसत. स्वतःच्या अंत्यविधीची आखणीही त्यांनीच करून ठेवली: कोठे, कोणी बोलावे, काय असू नये.

१० जानेवारी १९०६ रोजी ते गेले. पन्नाशीला सहा महिने कमी होते. हिवाळी तिमाही नुकतीच सुरू झाली होती. रविवारी, १४ तारखेला, त्यांनी लिहून ठेवले होते त्याप्रमाणे विद्यापीठाच्या सभागृहात अंत्यविधी झाला. पहिल्या दिवसापासून त्यांच्या बरोबर असलेले हॅरी प्रॅट जडसन यांच्याकडे कारभार आला आणि पुढच्या वर्षी तेच अध्यक्ष झाले. जडसन स्वभावाने काटकसरी. त्यांनी तूट भरून काढली, खर्चाला कात्री लावली, मुलींच्या वेगळ्या वर्गांचा प्रकारही हळूहळू मागे पडला. कोष्टकाला मात्र त्यांनी हात लावला नाही. १९०६ ची उन्हाळी तिमाही नेहमीप्रमाणे भरली आणि सुट्टी लागलेल्या शाळांतले मास्तर नेहमीप्रमाणे शिकागोच्या गाडीत बसले.